गिझर पहाटे पाच ते नऊ चालू, बिल ३१८ युनिट. काय बदलू?

कवळ्याची_सून (कवळे, फोंडा)

नमस्कार मंडळी. जानेवारीचं बिल आलं आणि ह्यांनी ते काही न बोलता फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवलं. बोलले असते तर बरं झालं असतं. ऑक्टोबरात २१२ युनिट होते, जानेवारीत ३१८. मधे घरात नवीन काही आलेलं नाही, पंखे तर उलट बंद. वाढला तो एकटा गिझर.

घरची हकीगत आधीच सांगते, म्हणजे नंतर विचारायला नको. आम्ही सहाजण. माई (माझ्या सासूबाई) पहाटे साडेपाचला अंघोळ करून देवपूजेला बसतात, त्यात बदल होणे नाही. ह्यांची कुंडईला पहिली शिफ्ट, सव्वासहाला घराबाहेर. दीर साडेसहाला न्हाणीत शिरतो. मुलीची बस सव्वासातला. मुलाच्या कॉलेजची वेळ त्यालाच ठाऊक. सगळ्यांचे डबे भरून झाले की पावणेनऊला माझा नंबर. गिझर २५ लिटरचा, २ किलोवॉटचा, स्लॅबवरच्या नव्या बाथरूममध्ये. माईंची न्हाणी खाली जुन्या घरात, तिथपर्यंत आठेक मीटर पाइप नेलाय. पाचला उठले की मी बटण दाबते, नऊला बंद करते. मधे कोण त्याच्याकडे बघत बसणार?

आता सल्ले ऐका. दुकानदार म्हणतो इन्स्टंट घ्या. ह्यांच्या डोक्यात गॅस गिझर आहे. दीर मोबाइलवर सोलरच्या जाहिराती नाचवतो. आणि माई म्हणतात, ‘भाण आहे की!’ आहे खरं. न्हाणीतल्या चुलीवर तांब्याचं भाण अजून बसलेलंच आहे, फक्त त्यात आता कपड्यांच्या क्लिपा आणि फुटका मग असतो. पण न्हाणीला आम्ही पांढरं पीव्हीसीचं छत करून घेतलं, धुराने ते किती दिवस पांढरं राहील?

विहीर आहे. पंप रात्री जेवणं झाल्यावर लावतो. ५०० लिटरची काळी टाकी स्लॅबवर.

यातलं काय घेतलं तर पैसे वसूल होतील, ते सांगा. चार महिन्यांच्या थंडीसाठी तीस-चाळीस हजार घालायला हात होत नाही.

---

रिटायर_वायरमन (डिचोली)

ताई, खरेदीचं मागाहून बघू. आधी वीज जाते कुठे ते शोधूया.

एक लिटर पाणी एक डिग्री तापवायला एक किलोकॅलरी लागते. एका युनिटात असतात ८६०. हे दोन आकडे पाठ असले की दुकानदाराला घाबरायचं कारण नाही. अंघोळीची बादली २० लिटरची धरा. टाकीतलं पाणी थंडीत २३ डिग्री, अंगावर घ्यायचं ४०. म्हणजे १७ डिग्री गुणिले २०, झाले ३४०. भागिले ८६०, साधारण ०.४ युनिट. सहाजणांचे २.४. कुठलाही गिझर आणा, रॉड आणा, इन्स्टंट आणा, विजेवर तापवायचं तर एवढं लागणारच. यंत्र बदलून ते कमी होत नाही.

आता एक करा. पहाटे पाचला मीटरचं रीडिंग दशांशासकट लिहा आणि नऊला परत लिहा. दिवे-मिक्सर सोडून द्या, फ्रिजचे ०.२ वजा करा. असं चार दिवस. २.४ च्या वर जे काही येईल, ती तुमची गळती.

आणि ‘नॉब ४५ वर ठेवला की बिल कमी’ हे अर्धसत्य आहे. ६० डिग्रीचं नऊ लिटर घेऊन त्यात थंड मिसळा, नाहीतर ४० चं वीस लिटर घ्या, उष्णता तीच. फरक पडतो तो गिझर नुसता तापून उभा असतो तेव्हा.

---

थंडपाणी_झिंदाबाद (म्हापसा)

गोव्यात गिझर कशाला हवा? मी बारा महिने थंड पाण्याने अंघोळ करतो. बिल शून्य.

---

कवळ्याची_सून

@थंडपाणी, तुमचा नंबर द्या, माईंना जोडून देते. त्या ८१ वर्षांच्या आहेत.

@वायरमनकाका, लिहिलं चार दिवस, मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर. सरासरी ४.१ आली. फ्रिज वजा केला तर ३.९. म्हणजे रोज दीड युनिट कुठेतरी जातंय! महिन्याचे ४५.

---

रिटायर_वायरमन

शाबास. खात्यातसुद्धा एवढं नीट रीडिंग कोणी लिहीत नव्हतं.

यातला मोठा वाटा मी इथूनच सांगतो. तुम्ही पावणेनऊला अंघोळीला जाता तेव्हा गिझर चालू असतो. तुम्ही जेवढं गरम पाणी काढता तेवढं थंड आत शिरतं आणि तो परत तापवायला लागतो. नऊला तुम्ही बंद करता तेव्हा आत पंचवीस लिटर कढत पाणी तयार, आणि ते वापरणार कोण? दुसऱ्या दिवशी पहाटे माई. तोवर वीस तास ते टाकीच्या पत्र्यातून हळूहळू निवत बसतं. पाऊण युनिट गेलं समजा. स्टार लेबलावर ‘स्टँडिंग लॉस’ म्हणून छापतात ते हेच, पाणी न वापरता चोवीस तासांत किती वीज निवण्यात जाते ते.

उपाय फुकट आहे. शेवटच्या दोघांच्या आधी बटण बंद करायचं. मुलगा आणि तुम्ही टाकीतलं उरलेलं संपवा. २५ लिटर ६० डिग्रीचं असलं तर त्यात अडीच बादल्या होतात, दोघांना पुरून उरतं.

दुसरं म्हणजे तो आठ मीटरचा पाइप. अर्ध्या इंची पाइपात आठ मीटरला लिटरभर पाणी राहतं. माईंसाठी नळ सोडला की आधी ते थंड लिटर मोरीत जातं, आणि बंद केला की गरम लिटर पाइपातच निवतं. खालच्या न्हाणीत तिघं जात असतील तर एकामागोमाग जा, मधे अर्धा तास सोडू नका. उन्हापावसाने तडकलेला पाइप असेल तर बदलताना फोमची नळी चढवून घ्या, स्वस्त मिळते.

इन्स्टंटचं थोडक्यात: निवण्याचं नुकसान वाचतं, खरं. पण ३ किलोवॉट म्हणजे १३ अँपिअर. त्याला वेगळी वायर आणि १६ अँपिअरचा पॉइंट लागतो, जुन्या घरात त्या पिवळ्या पडलेल्या सॉकेटवर लावू नका. बादली भरायला आठ मिनिटं लागतील. व्होल्टेज २०० वर आलं तर ३ चे सव्वादोन किलोवॉट होतात, मग अकरा मिनिटं. माईंना थांबायचा धीर आहे का विचारा.

अर्थिंग तपासून घ्या. हे पैसे वाचवायसाठी नव्हे.

---

पोफळीचं_आगर (वाळपईजवळ, सत्तरी)

वायरमनभाऊंनी २३ डिग्री धरली तिथेच मला थांबवावंसं वाटलं. ताई, तुमच्याकडे विहीर आहे ना? मग २३ चं पाणी का तापवता?

आमच्या सत्तरीत थंडी तुमच्यापेक्षा जास्त. जानेवारीत पहाटे बागायतीत गेलं तर विहिरीतून वाफ येताना दिसते. लहानपणी आम्हाला वाटायचं खाली कोणीतरी चूल पेटवलीय. विहिरीचं पाणी बारा महिने जवळजवळ एकाच तापमानाला असतं, कारण जमिनीखाली थंडी पोचतच नाही. मी मुलाच्या ताप बघायच्या नव्हे, दुधाच्या थर्मामीटरने मोजलंय: पहाटे सहाला विहीर २७, स्लॅबवरची टाकी २३. तुम्ही रात्री पंप लावता, म्हणजे २७ चं पाणी वर चढवून रात्रभर उघड्या आभाळाखाली गार करायला ठेवता आणि सकाळी वीज घालून परत गरम करता.

पंप पहाटे लावा, गिझरच्या आधी. चार डिग्रीचा फरक ऐकायला थोडा वाटतो. पण ४० पर्यंत जायला १७ च्या जागी १३ डिग्रीच उरतात. चौथा हिस्सा तिथेच वाचला, एक पैसा न घालता. पंपाची वीज तीच, वेळ तेवढी बदलली. आणि दुसरा फायदा, टाकी दिवसभर भरलेली राहते, उन्हात तापते. संध्याकाळी पाचला आमच्या काळ्या टाकीचं पाणी ३२-३३ असतं. ज्याला संध्याकाळी अंघोळ चालते त्याने गिझरला हातच लावायचा नाही.

आता भाण. आमच्याकडे रोज पेटतं. नारळ सोलले की सोडणं, खोबरं काढलं की करवंट्या, झाडाखाली पडलेली चुडतां (झावळ्या) आणि पिडे (त्यांचे देठ). हे विकत कोण घेतं? पावसाळ्यासाठी मे महिन्यातच माळ्यावर भरून ठेवतो. सोडण ओलं असेल तर नुसता धूर, ताप नाही. नीट वाळलेलं सोडण धग धरून ठेवतं, सकाळी दोन घातली की निखारा नऊपर्यंत राहतो. आठजण अंघोळ करतो. जेवढं काढाल तेवढं वर ओतायचं, हा आमच्या आजीचा नियम. रिकामं भाण चुलीवर राहिलं तर तांबं जळतं. राख भांड्यांना आणि माडांच्या मुळांत.

तुमच्या छताचं म्हणाल तर दोष छताचा आहे, भाणाचा नव्हे. जुन्या न्हाणीला कौलं होती, धूर कौलांतून जायचा. तुम्ही वाट बुजवली. पत्र्याचा पाइप चुलीच्या मागून भिंतीबाहेर काढा, कौलांच्या वर हातभर. आणि पीव्हीसी चुलीवर असूच नये, धुराचं सोडा, वितळेल.

---

साळ_काठचा (मडगाव)

सोलरचा अनुभव हवा असेल तर माझ्याकडे आहे, २०१६ पासून. २०० लिटरचा, काचेच्या नळ्यांचा. ऑक्टोबर ते मे झकास, दुपारी पाण्यात हात घालवत नाही. जून ते ऑगस्ट तो गच्चीवरचा शोभेचा पिंप. आमच्याकडे पावसाळ्यात ऊन दिसलं तर शेजारी एकमेकांना सांगतात. म्हणजे गिझर ठेवावाच लागतो.

गणित बघा. तुमची सगळी अंघोळ धरून महिन्याला ७०-७५ युनिट. बिलातल्या वरच्या स्लॅबचं (जास्त दराच्या टप्प्याचं) युनिट हिशोबाला पाच रुपये धरलं तरी महिन्याला साडेतीनशे-पावणेचारशे वाचले. तेही वर्षातले आठ महिने. गोव्यात वीज महाराष्ट्राच्या मानाने स्वस्त, आणि तुम्ही म्हणता तशी खरी थंडी चारच महिने. तीस हजार वसूल व्हायला दहा वर्षं. माझ्या भावाने पुण्यात बसवला, त्याचे लवकर सुटले.

शिवाय पाइप. गच्चीवरून खालच्या बाथरूमपर्यंत माझा पाऊण इंची पंधरा मीटर आहे. गरम येईपर्यंत चार लिटर थंड सोडावं लागतं, ते मी बादलीत धरतो. आणि तुमच्या घराभोवती माड असतील तर आधी वर बघा. माझ्या तीन नळ्या एकाच नारळाने गेल्या. दोन माकडांच्या नावावर.

लोक यात एक गोंधळ करतात म्हणून सांगतो: ‘पीएम सूर्यघर’ची जी ७८,००० पर्यंतची सबसिडी आहे ती छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी, पूर्ण रक्कम ३ किलोवॉट आणि वर असेल तर. पाणी तापवायच्या सोलरला ती नाही. दिराला जाहिरात परत वाचायला सांगा.

---

नर्सबाय (पणजी)

गॅस गिझरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. बंद बाथरूमच्या आत तो नकोच. खिडकी लावलेली, एक्झॉस्ट नाही, आत ज्योत जळतेय, की हवा संपते आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला वाटतं गरम पाण्याने गुंगी आली. दार आतून लावलेलं असतं. मी अशी केस बघितलेली आहे, जास्त लिहीत नाही. बसवायचाच तर बाहेरच्या भिंतीला, आणि पाइपाने फक्त पाणी आत.

पैशाचं मिस्टरांनी काढून दिलं: १४.२ किलोच्या सिलिंडरमधून, गिझर ८० टक्के उष्णता पाण्याला देतो असं धरलं, तर सुमारे १४५ युनिट विजेइतकं काम होतं. सिलिंडरच्या किमतीला १४५ ने भागा आणि बिलावरच्या शेवटच्या स्लॅबचा दर शेजारी लिहा. आमच्याकडे वीजच स्वस्त पडली.

---

कवळ्याची_सून

सगळ्यांना धन्यवाद. उशीर झाला, मुलीची परीक्षा होती. काय काय केलं ते लिहिते.

पंप पहाटे पाचला लावायला लागले. पहिल्या दिवशी शेजारच्या काकू उठून बघायला आल्या की आग लागली की काय. आता सवय झाली. फोंड्याहून थर्मामीटर आणला आणि मोजलं: विहीर २७, टाकी २३.५. सत्तरीकरांचा आकडा कवळ्यालाही बरोबर. एक गंमत. माई इतकी वर्षं गरम पाण्यात नळाचं मिसळू देत नाहीत, विहिरीची कळशीच लागते. मला वाटायचं सोवळ्यासाठी. विचारलं तर म्हणाल्या, ‘सोवळं आहेच गो, पण नळाचं हिवात बर्फ असतं.’ चौदा वर्षं मी मनातल्या मनात कुरकुरत कळशी भरत होते.

बटण आता सव्वासातला बंद. मुलगा म्हणाला मला पाणी पुरणार नाही. पुरणार कसं, तो शॉवरखाली उभा राहतो. मी शॉवरखाली बादली ठेवून घड्याळ लावलं, २० लिटरची बादली अडीच मिनिटांत भरली. म्हणजे मिनिटाला आठ लिटर, आणि साहेब सहा मिनिटं आत. ४८ लिटर! काकांनी सांगितलेल्या दीड युनिटातला एक तृतीयांश माझ्याच पोटच्या गोळ्याने पळवला होता. आता त्याला बादली. रविवारी शॉवर माफ.

२ ते २२ फेब्रुवारी, वीस दिवसांत १६२ युनिट झाले. दिवसाला ८.१. जानेवारीत १०.३ पडत होते. ह्यांनी बिलाशेजारी तो कागदही चुंबकाखाली लावला, यावेळी हसून.

---

रिटायर_वायरमन

छान. पण फेब्रुवारी म्हणजे जानेवारी नव्हे, रात्री तशा गरम झाल्यात. थोडं श्रेय हवेला द्या. खरी परीक्षा पुढच्या जानेवारीत. तरी दीड तरी युनिट तुमचंच आहे, आणि ३१८ वरून तीनशेच्या खाली आलात की तुमच्या बिलातला सगळ्यात महाग स्लॅब सुटतो.

गिझरला पाच वर्षं झाली असतील तर आतली मॅग्नेशियमची दांडी बघून घ्या. चिऱ्याच्या जमिनीतलं विहिरीचं पाणी आंबटसर असतं, ते दांडी खाऊन टाकतं. दांडी संपली की मग टाकी खातं. क्षाराचा थर मात्र आपल्याकडे फार बसत नाही. बसला तरी बिल वाढत नाही, कॉइल जळते.

---

कवळ्याची_सून

दांडी बघते काका. सहा वर्षं झाली, कोणी उघडलेलं नाही.

आणि भाणाचं राहिलं. छताच्या चार पट्ट्या चुलीवरून काढल्या, पत्र्याचा पाइप बसवणारा रविवारी येणार आहे. क्लिपा बाहेर आल्या. पण भाण आतून हिरवं-काळं झालंय, बाहेरून तर विचारू नका. @पोफळीचं_आगर, त्याला कल्हई करून घ्यावी लागेल का? आमच्याकडे कल्हईवाला आता फिरत नाही.

---

पोफळीचं_आगर

कल्हई जेवणाच्या भांड्यांना हो. अंघोळीच्या भाणाला कशाला? चिंच आणि मीठ, नाहीतर बिंबलं (ती आंबट हिरवी फळं) ठेचून आतून घासा, हिरवं सगळं गेलं पाहिजे, मग दोन पाणी तापवून ओतून द्या. बाहेरचं काळं तसंच ठेवा. घासून लखलखीत केलंत तर माई हसतील, दोन दिवसांत परत काळंच होणार आहे.

---

कवळ्याची_सून

माईंना वाचून दाखवलं. त्या बिंबलं काढायला गेल्यासुद्धा.